वारा घालणारीची कलेजी

आमच्या गच्चीवर एक सूप आहे. आई त्यात विड्या वळायची. एका बाजूची वीण उसवली तेव्हा आईनं नवं घेतलं आणि जुनं गच्चीवर गेलं, चुलीला वारा घालायला. ते माझं आहे. आमच्या घरात माझं म्हणावं असं फार काही नव्हतं, तरी ते सूप होतं, आणि ते मला कुणी दिलेलं नव्हतं. मी ते मिळवलं होतं.

कुंभारीकडच्या कामगार वसाहतीतली आमची खोली लहान. आईला स्वयंपाकघरात मटण-कोंबडी चालत नाही, म्हणून ते शिजायचं गच्चीवर, तीन दगडांच्या चुलीवर, आणि शिजवायचे अप्पा. कोंबडीचा रविवार असला की अप्पा आणि दादा वर जायचे. मी खाली कांदा चिरायची. चूल पेटवायची, वारा घालायचा, पातेलं उतरवायचं, हे सगळं पुरुषांचं. त्यात एक रीत होती. जो वारा घालतो त्याला कलेजी. अप्पा ती निखाऱ्यावर टाकायचे, वरून मीठ, आणि रश्शाला उकळी यायच्या आधी चिमट्यानं थेट वारा घालणाऱ्याच्या तोंडात. ती दादाला मिळायची. मला खालून फक्त वास यायचा.

अप्पा तेव्हा एका छापखान्यात कामाला होते. संप, पाणी, मजुरी, गिरणीची देणी, कुणाच्या ना कुणाच्या मागण्यांची पत्रकं तिथं छापली जायची आणि बिघडलेल्या प्रती आमच्या घरी यायच्या. मी वाचायला त्यांच्यावर शिकले. 'आम्ही मागतो आहोत ते उपकार म्हणून नव्हे' असल्या वाक्यांवर वाढलेल्या मुलीला कांदा किती दिवस चिरता येणार? एका रविवारी मी बिघडलेल्या प्रतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'गच्चीवर मुलींना बंदी का? कलेजीवर एकट्या मुलाचा हक्क कसा?' आणि जिन्याच्या भिंतीला कागद चिकटवला.

अप्पा खाली आले. पाठीमागं हात बांधून त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

"खाली मुद्रकाचं नाव न्हाय," ते म्हणाले. "बेकायदेशीर पत्रक हाय हे."

"मग?"

"मग काय, म्हशे. पुढच्या येळंला नाव टाक. आन् चल वर, सूप उचल."

दादा दोन रविवार फुगून बसला. मी मात्र तेव्हापासून अप्पांच्या डाव्या हाताला बसत आले. त्यांचं तोंड धुरात, माझं तोंड धुरात. छापखान्यात कोण काय बोललं, कुठल्या संपाची पत्रकं रात्रीत छापून द्यायची आहेत, हे मला तिथं कळायचं. पुढं मी स्वतः पत्रकं लिहायला लागले, तीही त्यांना तिथंच वाचून दाखवायची, आणि छापायचेही तेच. ते कधी चांगलं म्हणाले नाहीत. "लई लांबलंय," एवढंच म्हणायचे, आणि कलेजी भरवायचे.

दादानं लग्न ठरवलं तेव्हा दोन्ही घरांत आग लागली. मुलगी तेलुगू विणकरांच्या घरातली. आई जेवेना. मुलीच्या वडलांनी तर दादाला गल्लीत यायची बंदी केली. मग मी गेले. त्यांच्या दारात उभी राहून जातीवर, माणसाच्या निवडीच्या हक्कावर जे काही मला येत होतं ते सगळं बोलले. आतला माग थांबला. तिचे वडील, नाना, बाहेर येऊन ऐकत राहिले आणि शेवटी आत बघून म्हणाले, "हिला पाणी द्या, घसा सुकला हिचा." तिथून पुढं गोष्टी हलल्या. म्हणजे वहिनीला या घरात मी आणलं. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, पण मला ते रोज आठवतं.

वहिनीचा भाऊ हैदराबाद रस्त्यावरच्या एका ढाब्यात तंदूरवर होता. तिला त्यातलं सगळं ठाऊक होतं. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात तिनं दादाला सांगून लोखंडी पिंप उभं कापून घेतलं. दादा वेल्डर. त्यानं त्याला पाय लावले, वर जाळी बसवली, आणि ते अर्धं पिंप आमच्या चुलीच्या जागी येऊन बसलं. चुलीचे तीन दगड पाण्याच्या टाकीखाली गेले.

पहिल्या रविवारी वहिनीनं तंगड्यांना सुरीनं खोल चिरा दिल्या. लिंबू, मीठ, तिखट चोळून ठेवलं. मग फडक्यात टांगलेल्या दह्याचा चक्का, आलं-लसूण, बेडगीची भिजवून वाटलेली मिरची, भाजलेलं बेसन, कसुरी मेथी, शेंगतेल. कोळसा इस्त्रीवाल्याकडून आणला होता, बाभळीचा. मी सूप घेऊन बसले. कोळसा पेटला, लाल झाला, मी जोर वाढवला. अप्पा डाव्या हाताला बघून म्हणाले, "हाण!" मी हाणलं.

"ओ ताई, थांबा की ओ," वहिनी म्हणाली. "आता वारा नको."

"का?"

"राख चढू द्या त्याच्यावर. पांढरा झाला की मग ठेवायची कोंबडी. वारा घातला की जाळ होतो, वरून करपतं, आत कच्चं राहतं. राखपण उडून बसती."

मी अप्पांकडं बघितलं. अप्पा कोळशाकडं बघत होते. "व्हय?" एवढंच म्हणाले, आणि उकिडवे बसून लहान मुलासारखं त्या राखेकडं टक लावून राहिले. मी सूप मांडीवर धरून बसले. पुढचा सगळा वेळ माझ्या हाताला काम नव्हतं. वहिनी उलटत होती, ब्रशनं तेल लावत होती, अप्पा चिमटा पुढं करत होते. ती उजव्या हाताला बसली होती, आणि अप्पांचं तोंड पूर्ण वेळ उजवीकडं होतं.

कोंबडी झाली तेव्हा तंगडीचं हाड नुसतं ओढलं तर सुटून आलं. कडेला काळपट, आत ओलसर, आंबूस, तिखट. मी चार चुका शोधायला तोंडात घातली आणि एक सापडली नाही.

"वा," अप्पा म्हणाले. "वा सूनबाई. जमलं बगा तुमाला."

तुमाला. बगा. मला आयुष्यात ज्यांनी एकदा 'बरं लिहिलंस' म्हटलं नाही, ते अप्पा तिला 'वा' म्हणत होते, आणि अहो-जाहो करत होते.

आणि कलेजी? वहिनीला रीत माहीत नव्हती. तिनं कलेजीला मसाला लावून तिचे बारीक तुकडे केले होते आणि प्रत्येकाच्या ताटलीत एकेक ठेवला. आई खातच नाही, म्हणून तिचाही तुकडा अप्पांना. माझ्या वाट्याला नखाएवढा.

"कलेजी अशी वाटत नाहीत," मी म्हणाले.

"का ओ?"

"वारा घालणाऱ्याची असते ती."

दादा हसायला लागला. अप्पांनी मिशीवरचं तेल पुसलं. "तूच लिवलंवतंस की, ज्याला त्याला सारखं. मोठ्या टायपात लावलंवतं मी. आता सारखं वाटलं तर का रडतीस?"

मी तो नखाएवढा तुकडा तोंडात टाकला.

पुढं दर कोंबडीच्या रविवारी हेच. मी शेजारी बसायची आणि जळायची. वहिनीच्या हाताची बोटं मसाल्यानं लाल व्हायची त्याचा मला राग. ती अप्पांना 'मामा, जरा बघा की' म्हणायची त्याचा राग. अप्पा सकाळीच इस्त्रीवाल्याकडं पिशवी घेऊन निघायचे, माझ्या सभेला मात्र त्यांचा गुडघा दुखायचा. एकदा मी अप्पांना सांगितलं की तंदूरी हे हॉटेलवाल्यांचं खाणं आहे, पैसेवाल्यांच्या मेजावरचं, आपल्या रश्शात चार माणसं जास्त जेवायची, यात एकेक तंगडी मोजून वाटावी लागते.

"मग खाऊ नगंस," अप्पा म्हणाले.

मी दोन तंगड्या खाल्ल्या.

याहून वाईट म्हणजे वहिनीत राग धरण्यासारखं काही नव्हतं. ती माझी पत्रकं वाचायची. विडी कामगारांच्या मजुरीवर मी लिहिलं ते तिनं तिच्या आईला तेलुगूत सांगितलं आणि तिच्या आईनं गल्लीतल्या बायकांना. सासुरवाशिणीचं कुणी ऐकत नाही, यावर मी कितीदा लिहिलंय. आमच्या घरात ऐकत होते. माझ्या पत्रकात होतं तसंच घडत होतं, आणि मला ते सहन होत नव्हतं.

शेवटी तिचे आई-वडील पहिल्यांदा आमच्याकडं जेवायला यायचं ठरलं. आदल्या दिवशी संध्याकाळी वहिनी गच्चीवर चिरा देत बसली होती. मी गेले आणि उभ्यानंच सांगितलं.

"माझी एक मागणी आहे."

तिनं सुरी खाली ठेवली. "बोला."

"कोळसा मी पेटवणार. राख चढेपर्यंत वारा माझा. आणि कलेजी सबंध माझी. तुकडे नाहीत."

"एवढंच?"

"एवढंच."

"मंजूर की ओ," ती म्हणाली. "तुम्ही आधी बोलायचं नाही का? मला वाटायचं, तुम्हाला कोंबडी आवडत नाही. तोंड असं करून बसता." तिनं माझं तोंड करून दाखवलं. बऱ्यापैकी जमलं तिला. मग परत सुरी उचलली आणि चिरा देत देत म्हणाली, "माझी पण एक होती मागणी. पण ती तुमच्या हातात नाही."

"काय?"

"मामा तुम्हाला म्हैस म्हणतात. ह्यांना गाढव म्हणतात. मला सूनबाई, बसा. सूनबाई, घ्या. परवा माझ्या हातून तेलाची बरणी फुटली, तर म्हणाले, असू द्या, पायाला लागंल, सरका. तुम्ही फोडली असती तर?"

मी फोडली असती तर ते वसाहतीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असतं.

"आमच्याकडं नाना दिवसभर शिव्या घालतात मला," ती म्हणाली. "हितं आल्यापासून एक नाही. पाहुणी असल्यासारखं वाटतं ओ."

मला हसू आलं. जिच्या जागेवर मी जळत होते ती माझ्या शिव्यांवर डोळा ठेवून होती. मी मनात म्हटलं, घे बाई, लागतील तेवढ्या घे. खरंच म्हटलं तसं.

रविवारी कोळसा मी पेटवला. इस्त्रीवाल्यानं दिलेला माल ओलसर होता, नुसता धुमसत होता. मी सूप घेऊन बसले आणि खांदा भरून येईपर्यंत हलवत राहिले. अप्पा डाव्या हाताला वळले. "हाण, म्हशे, हाण. मेलीस का?" किती दिवसांनी! कोळसा लाल झाला, मग कडेनं पांढरा. वहिनीनं मान हलवली. मी सूप खाली ठेवलं. अप्पांनी कोपऱ्यातल्या निखाऱ्यावर सबंध कलेजी टाकली, वर मीठ. जाळीवर तंगड्या लागल्या.

तेवढ्यात वहिनीचे आई-वडील दादाबरोबर गच्चीवर आले. नानांच्या समोर सगळं लालभडक, चकचकीत दिसावं म्हणून वहिनीनं ब्रश बाजूला ठेवला आणि वाटीतलं शेंगतेल वरून ओतलं. तेल जाळीतून खाली गेलं आणि भडका उठला. तंगड्या दिसेनाशा झाल्या. मी काही करायच्या आत वहिनीनं माझं सूप उचललं आणि जाळ विझवायला वारा घालायला लागली. सहा महिने मला 'वारा नको' सांगणारी ती! जाळ कमरेएवढा झाला. सुपाची कड पेटली.

"ए म्हशे!" अप्पा ओरडले. माझ्याकडं बघून नव्हे. "वारा घालतीस? जाळाला वारा घालतीस? अक्कल कुटं ठिवलीस, म्हायेरी? सोड ते सूप! मागं हो, पदर पेटंल, रेडके!"

त्यांनी तिच्या हातातून सूप ओढून फेकलं आणि जाळी सरळ उचलून टाकीवर ठेवली. दादानं राख टाकली. जाळ बसला.

मुलीच्या आई-बापासमोर सुनेला रेडकू म्हटलं होतं. आई जिन्यात उभी होती, तिनं डोक्याला हात लावला. अप्पांचा चेहरा उतरला. मग नाना हसायला लागले. पोट धरून हसले. "आमच्यात पण हेच," ते म्हणाले. "हिच्या लहानपणापासनं हेच म्हणतो मी. रेडकूच हाय ती."

वहिनीच्या गालाला काजळी लागली होती आणि ती अशी हसत होती की मला तिच्याकडं बघवेना. अप्पा तिला म्हणाले, "हसतीस काय? तंगड्या खरवड आता, म्हशे." एकेरीत. सहज. जणू लहानपणापासून म्हणत आलेत.

मग त्यांना निखाऱ्यावरची कलेजी आठवली. त्या कोपऱ्यात जाळ पोचला नव्हता. राख झटकून, चिमट्यात धरून ते माझ्याकडं वळले. पाहुण्यांसमोर जीभ सुटल्याची लाज वाटत असावी, कारण शब्द अगदी जपून टाकत म्हणाले, "घ्या ताई. तुमची कलेजी."

मी तोंड उघडलं. सबंध होती, बाहेरून कडक, आत मऊ, मीठ नेमकं. सूप कडेनं जळालेलं माझ्या पायाशी पडलं होतं. पलीकडं वहिनी करपलेल्या तंगड्या खरवडत होती आणि अप्पा तिच्या डोक्यावर उभे राहून तिला शिव्या देत होते, एकामागून एक, माझ्या सगळ्या शिव्या.