फिटरचा लिनक्स डबा

आमच्या ह्यांना, म्हणजे अंकुशरावांना, गप्प बसवत नाही. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात सव्वीस वर्षं मेंटेनन्स फिटर. तिकडे पंप खोलून मन भरलं नाही की घरी येऊन मिक्सर खोलतात. यंदा भंगारवाल्याकडून जुना कॉम्प्युटरच उचलून आणला. "राजश्री, बघच तू! याच्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकतो. फुकट हाय, आणि पाहिजे तसं वळवता येतं. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ एका जागी. कुठल्याही मोबाईलवर बघायचे!"

"आधी तो गळका नळ बघा," मी म्हटलं. ऐकतायत कुठले!

तीन रविवार त्या डब्यात डोकं. यूट्यूब बघत कमांडी वहीत उतरवायच्या, एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पण टीव्हीखाली डबा घुमायला लागला आणि माझ्या मोबाईलवर आमच्या लग्नाचे फोटो उघडले, तेव्हा खरं सांगते, मीच टाळ्या पिटल्या.

मग काय, हुरूप चढला! चौदा एप्रिलला विहारात बायका भाषणं करतात, त्यांचे व्हिडिओ अकरा जणींच्या मोबाईलमध्ये. ह्यांनी सकाळी माझा मोबाईल डब्यात ओतला, दुपारी बाकीच्यांचे. माझ्या मोबाईलमध्ये एकच महत्त्वाचा व्हिडिओ होता, सासूबाईंचा. चांगुणाबाई नाव, मी आत्या म्हणते. साठीनंतर विहाराच्या वर्गात अक्षरं शिकल्या आणि जन्मात एकदाच माईकसमोर उभ्या राहिल्या, तो. डब्यात गेलाय ना, म्हणून मी मोबाईलमधून बिनधास्त पुसला.

दुसऱ्या दिवशी आत्या म्हणाल्या, "माझं भाषन लाव गं." लावलं, तर शेजारच्या संघमित्राची नात "जय भीम" ओरडतेय!

अगं बाई! प्रत्येकीनं व्हिडिओला नाव दिलेलं एकच, 'जयंती भाषण'. जुनी फाईल काढून नवी टाकू का, असं कॉम्प्युटर दर वेळी विचारत होता आणि हे हो म्हणत गेले. फिटरच ना! नवा पार्ट बसवायचा तर जुना काढायचा.

"अहो, अकरा बायका एकमेकींवर चढवल्यात तुम्ही!" मी जाम भडकले. पण बाकीच्या दहा जणींच्या मोबाईलमध्ये त्यांचं त्यांचं होतं. आमचंच मी पुसलेलं.

हे वही चाळता चाळता एकदम ओरडले, "थांब! डब्याला सांगून ठेवलंय मी, दर तासाला सगळं जसं असेल तसं जपून ठेव. काल सकाळचं सापडंल!" कमांड मारली. मी डोळेच मिटले.

आणि टीव्हीतून आत्यांचा आवाज! मी अशी किंचाळले की वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. पडद्यावर आत्या कागदात मान घालून अक्षराला अक्षर जोडत होत्या. ह्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

आत्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, "लई अडकत वाचलं की म्या. अंकुश, मोबाईल काढ. आता मला कागद लागत न्हाई." पदर खोचून उभ्या राहिल्या आणि सहा मिनिटं घडाघडा बोलल्या. ह्यांनी सगळं मोबाईलवर घेतलं.

"झकास झालं, आई! आता नाव काय टाकू?"

"तू नको टाकू. आन इकडं."

मोबाईल डोळ्यांजवळ धरून त्यांनी एकेक अक्षर शोधत टाईप केलं: चांगुणाबाई सदू खिल्लारे.