मुक्कामाचे पारखी

मुक्काम निवडावा तो आमच्या साडभाऊंनीच. बाकीच्या जगानं पिशव्या उचलाव्यात आणि मुकाट्यानं त्यांच्या मागं चालावं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हिंगोलीच्या बसस्थानकावर ते कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठं लागली हे गावाला सांगण्यात त्यांची हयात गेली, पण त्यांचा जीव गाडीतही नव्हता आणि रस्त्यातही नव्हता. तो होता गाडीतून उतरल्यावर जिथं पाठ टेकायची त्या जागेत. कुणी परगावाहून आलं की लोक विचारतात, काय काय पाहिलं. साडभाऊ विचारायचे, “उतरले कुठं?” उत्तर पटलं नाही तर त्या माणसाची सगळी सहल त्यांच्या लेखी वाया गेलेली असायची. भावकीतल्या लग्नांत जानोशाची, म्हणजे वऱ्हाड उतरवायची, जागा त्यांना दाखवल्याशिवाय ठरत नसे. माझ्या मेहुण्याच्या लग्नात कनेरगाव नाक्याला वऱ्हाडासाठी शाळेच्या नव्या रंगवलेल्या खोल्या दिल्या होत्या. साडभाऊंनी त्या नाकारल्या आणि सगळं वऱ्हाड शेजारच्या जुन्या गोदामात हलवलं. मुलीकडच्यांनी हात जोडून कारण विचारलं, तर म्हणाले, “रंग वला हाय. सकाळपर्यंत नवरदेवाचं डोकं धरंल.” नवरदेव तुरीच्या पोत्यांना टेकून असा गाढ झोपला, की हळदीसाठी त्याला दोघांनी धरून उठवावं लागलं.

लोक खोली बघतात ते दारातून डोकावून. साडभाऊ खोली बघायचे ती बाजारात म्हैस बघावी तशी. आधी चारी बाजूंनी एक फेरी, मग भिंतीवर दोन-चार टिचक्या. मग मोरीत तांब्याभर पाणी ओतून ते कुठल्या वाटेनं जातं हे उकिडवं बसून निरखायचं. शेवटी चपला दाराबाहेर काढून ते खाटेवर डोळे मिटून आडवे होत, आणि तेवढा वेळ बाकीच्यांनी गप्प राहायचं. परभणीच्या एका लॉजात ते असे आडवे झाले आणि खरोखरच झोपी गेले. मालक आणि मी अर्धा तास दाराशी उभे राहून हळू आवाजात पीकपाण्याचं बोलत राहिलो. उठल्यावर म्हणाले, “बराबर हाय. घ्या.” पण एवढ्यानंही त्यांचं समाधान होत नसे. जागा सांभाळणारा जो कुणी असेल त्याला बाजूला घेऊन ते विचारायचे, “तुमी सोता कुठं निजता?” पाहुण्याला दाखवायची जागा वेगळी आणि राखणदारानं स्वतःसाठी शोधलेली वेगळी, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी पडलो शाळामास्तर, हे सगळं हसण्यावारी नेत असे. मेळघाटला जाऊन आलो आणि माझं हसणं थांबलं.

ही नव्वदनंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. आमचे सासरे, ज्यांना आम्ही दोघंही जावई ‘मामा’ म्हणायचो, सेनगावजवळच्या आपल्या खेड्यात शेती करून होते. त्यांची नजर जात चालली होती. मोठं ते दिसे, बारीक ते धुक्यात गेल्यासारखं होई. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून आम्हाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, यांना जे काही बघायचं असेल ते आता दाखवून आणा. आम्हाला वाटलं मामा एखाद्या देवस्थानाचं नाव घेतील. मामा म्हणाले, “जंगल बघायचंय. सारी उमर तुरीतून रोही अन् डुकरं हाकलली. जनावर पाहिलं ते पळतानाच पाहिलं. एकदा उभं राहिलेलं बघू द्या.”

त्या वेळी मी एक शहाणपणा केला. साडभाऊंना विचारलं तर महिना जागा पारखण्यातच जाईल, म्हणून मी परस्पर पत्र टाकून जंगलाच्या कडेच्या एका नव्या हॉटेलात दोन खोल्या धरून ठेवल्या. निघायच्या आदल्या दिवशी त्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “बघू की.”

मामा, दोघी बहिणी आणि आम्ही दोघं साडू असे जीप करून निघालो. वाशीम, अकोला करत दुपारी तिथं पोचलो. हॉटेल माझ्या अपेक्षेपेक्षाही चांगलं निघालं. न्हाणीघरात पांढऱ्या फरश्या, गरम पाण्याची सोय, जेवणाच्या खोलीत भिंतभर वाघाचं चित्र. मी साडभाऊंकडे जरा विजयानंच पाहिलं. त्यांनी भिंत वाजवली, पाणी ओतलं, खाटेवर आडवे झाले, आणि उठून मॅनेजरला विचारलं, “हितं जनावर किती जवळ येतं?”

मॅनेजरला वाटलं पाहुणे घाबरले आहेत. तो म्हणाला, “साहेब, बिलकूल काळजी करू नका. चहूबाजूंनी तारेचं कुंपण आहे. ससासुद्धा आत येत नाही. सकाळी आमची जीप तुम्हाला दोन तास फिरवून आणेल.”

“पिशव्या उचला,” साडभाऊ म्हणाले.

मी खूप समजावलं, पण ते जीपमध्ये जाऊन बसले होते. दुसरी जागा त्यांनी ड्रायव्हरकडून माहीत करून घेतली. टेकडीवरचा जुना बंगला. समोर अख्खी दरी पसरलेली. आमच्या बायका तर कठड्यापाशी बोलायच्याच थांबल्या. साडभाऊंनी मामांना हात धरून कठड्याशी आणलं. “मामा, काय दिसून राहिलं?”

“हिरवं,” मामा म्हणाले.

“अन् त्या हिरव्यात?”

मामांनी मान पुढं केली, डोळे बारीक केले. “त्यात बी हिरवंच.”

पिशव्या परत जीपमध्ये गेल्या. आता मात्र आक्का, म्हणजे साडभाऊंच्या सौभाग्यवती, भडकल्या. “म्हाताऱ्या माणसाला काहून असं दारोदार फिरवून राहिले? काही लाज?” माझी बायको माझ्याकडे बघत होती, मी खिडकीबाहेर बघत होतो. साडभाऊ ड्रायव्हरला रस्ता सांगत होते. जन्मात तिथं कधी आले नव्हते तरी सांगत होते.

ऊन उतरताना एका नाक्यापाशी आम्ही थांबलो. वनखात्याच्या दोन जुन्या खोल्या, वर पत्रे, खाटांची मध्ये झोळी झालेली. चौकीदार म्हणाला, खोल्या रिकाम्या आहेत, इथं कुणी उतरत नाही. साडभाऊंनी या खेपेला भिंतीला हातही लावला नाही. आपल्या बसस्थानकी हिंदीत त्यांनी थेट विचारलं, “आप किधर सोते?”

चौकीदारानं मागचा ओटा दाखवला. ओट्याखाली उतार होता आणि खाली पाणवठा. “सुबह सब पानी पे आता है,” तो म्हणाला.

“सबसे बडा कौन?”

“गवा.”

“किधर तक आता?”

चौकीदारानं पाण्याकडेच्या एका झाडाकडे बोट केलं. साडभाऊ उतार उतरून त्या झाडापर्यंत गेले, तिथं उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि गाडी लागल्याची घोषणा करावी तशा आवाजात ओरडले, “मामा, मी दिसून राहिलो का?”

मामा ओट्यावरून बघत होते. “कोणी तरी हाय,” ते म्हणाले.

“कोण हाय?”

“जाडजूड हाय. म्हंजी जावईच असतील.”

साडभाऊ धापा टाकत वर आले. “गवा माझ्या दसपट असतो. हितंच उतरायचं.”

त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी बोललो नाही. राग होताच, पण आपल्याला जे सुचायला हवं होतं ते यांना सुचलं, हे त्या रागाखाली सलत होतं.

सकाळी फटफटलं तेव्हा मामा अंगावर घोंगडी घेऊन ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. साडभाऊंनी त्यांचा चष्मा आपल्या सदऱ्याला पुसून त्यांच्या डोळ्यांवर बसवला. बऱ्याच वेळानं झाडापाशी काहीतरी काळं हललं. एक गवा आला, मागून गाय आणि वासरू. मामांचे हात खुर्चीवर घट्ट झाले.

“उभा हाय,” ते हळूच म्हणाले.

“व्हय मामा.”

“पळत न्हाई.”

“न्हाई.”

मग मामांनी विचारलं, “माझ्याकडं बघून राहिला का?”

माझी नजर चांगली होती. गवा मान खाली घालून पाणी पीत होता आणि त्याची पाठ आमच्याकडे होती. साडभाऊंनी नीट बघितलं आणि म्हणाले, “व्हय. तुमच्याकडंच.”

चहाच्या वेळी मी त्यांची माफी मागितली. त्यांना ते अवघड झालं. म्हणाले, “खोल्या चांगल्याच होत्या तुमच्या, गुरुजी. ज्याचे डोळे चांगले हायेत त्यानं तिथंच उतरावं.”

मामांची नजर पुढं दोन वर्षांनी पूर्ण गेली. त्यानंतर ते चार वर्षं होते, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला गव्याच्या डोळ्यांचं वर्णन करून सांगायचे.

साडभाऊ निवृत्त झाले. पुढं आक्का गेल्या, आणि मुलानं त्यांना पुण्याला नेलं. दोन हजार सात-आठच्या सुमारास मी एका प्रशिक्षणासाठी पुण्याला गेलो तेव्हा त्यांना भेटायला गेलो. सातवा मजला, धूळ येते म्हणून खिडक्या बंद. सून आणि मुलगा कामावर गेलेले. मी विचारलं, “भाऊ, जागा कशी वाटली?”

ते म्हणाले, “लेकराचं घर हाय, गुरुजी. ते पारखायचं नसतं.” यात तक्रार नव्हती, आणि मला तेच जड गेलं.

जेवण झाल्यावर म्हणाले, दुपारचं जरा आडवं व्हा. मला वाटलं आतली खोली दाखवतील. त्यांनी स्वयंपाकघरामागच्या चिंचोळ्या गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली आपली रोजची चटई अंथरली, उशी ठेवली आणि शेजारी स्टूल ओढून बसले. खालचा आवाज तिथं येत नव्हता, वारा मात्र येत होता. हिंगोलीच्या स्टँडवर आता कोण आहे, सेनगावची गाडी वेळेवर सुटते का, असं ते विचारत राहिले आणि मी सांगता सांगता झोपलो. जाग आली तेव्हा ऊन कलून गॅलरीत आलं होतं. साडभाऊ स्टुलावर तसेच बसले होते, आणि माझ्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून दोन्ही हातांनी वर्तमानपत्र उघडून धरलं होतं.