उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा

त्या दिवसांत मी एका जागी बूड टेकून बसले असेन तर शपथ. नवीन जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला होते. समोर दुकानदारांच्या ऑर्डरी आणि डोक्यात एमबीए. कॉम्प्युटरवर कॉलेजांचा तक्ता बनवला होता. कुठे पहिल्या फेरीत अर्ज टाकायचा, कुठे दुसऱ्या, कुठल्या निबंधात दुकानदारांचा किस्सा घालायचा, कुठे दुष्काळाचं रडगाणं बिलकुल गायचं नाही. साहेब मागून आले की तक्ता खाली, ऑर्डरी वर. दर दहा मिनिटांनी मेल उघडायची. एकदा चहाला म्हणून खाली उतरले आणि चहा न घेताच परत वर आले, मेल बघायला. वेडच लागलं होतं म्हणा ना!

शेवटी मनातल्या कॉलेजचा मेल आला. प्रवेश मिळाला. पण फी वाचली आणि लगेच तक्त्यातला स्कॉलरशिपांचा रकाना उघडला. तक्त्यातल्या सगळ्या स्कॉलरशिपांमध्ये पूर्ण फी उचलणारी एकच होती. ती मिळाली तर जायचं, नाहीतर ऑर्डरी टाइप करत बसायचं, इतका सरळ हिशेब. तिला घरच्या उत्पन्नाचा दाखला हवा होता आणि हातात पंधरा दिवस होते.

दाखल्यासाठी आधी गावच्या तलाठ्याकडे उत्पन्न सांगावं लागतं. बाबा टेंभुर्णीत शेती करतात. फोनवर म्हणाले, "तू कशाला सुट्टी काढती? मी आणतो ना जल्दी." आणलाही. दाखल्याचा फोटो मोबाइलवर आला आणि मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. आकडा स्कॉलरशिपच्या मर्यादेच्या दुप्पट होता!

"बाबा, हे काय सांगून आलात?"

"मंग काय सांगू? तिथं ताईचे चुलतसासरे बसले होते. तलाठ्यानं समद्यांसमोर इचारलं."

सासरे अजून व्हायचे होते. माझ्या मोठ्या बहिणीची सोयरीक जमत आली होती, आणि ते पाहुणे गावातलेच. बैठकीत बाबांनी मोसंबीची बाग, विहिरीला बारमाही पाणी असं भरभरून सांगितलं होतं. बाग वाळून दोन वर्षं झालेली. आमच्याकडे सोयरीक चालू असली की घरातलं माणूस धड आजारीसुद्धा पडत नाही, तिथे उत्पन्न कमी कोण सांगेल? मला हे कळत होतं. तरी मी भडकले.

सुट्टी टाकली, एसटी पकडली आणि जाऊन घर डोक्यावर घेतलं. "तुमच्या इज्जतीपायी माझं अख्खं वर्ष चाललं!" आई म्हणाली, "हळू बोल, शेजारचे ऐकून राह्यले." ताई चुलीपुढून उठलीच नाही. बाबा दाखल्याची घडी घालत राहिले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. काहीतरी बोला तरी, असं ओरडले मी. सकाळी तेच म्हणाले, "चल, चावडीवर जाऊ."

चावडीत तलाठी होते, सातबाऱ्याला आलेली पाचसात माणसं होती, आणि बाकावर नेमके तेच पाहुणे, ताईचे होणारे चुलतसासरे. नशीब म्हणतात ते हे. त्यांनी सरकून मला जागा दिली. "बस बाई. लई शिकून राह्यली म्हणं?"

मी दाखला पुढे करून दुरुस्ती हवी म्हणाले. तलाठ्यांनी तो उलटसुलट केला. "आकडा चुकला म्हणता? मग बराबर किती?"

मी एसटीत सगळं घोकलं होतं. रागाने कसं तोफेसारखं बोलायचं तेही ठरवलं होतं. पण माणसं माझ्याकडे बघायला लागली, पाहुणे कौतुकाने हसत होते. घरात ताई बसलीये, हेच डोळ्यांसमोर येत राहिलं. "राहू द्या," मी म्हणाले. "आधीचाच... बरोबर असेल."

बाबांनी माझ्या हातातला दुरुस्तीचा अर्ज काढून घेतला.

"न्हाई साहेब. मागल्या टायमाला मी खोटं सांगून गेल्तो. बाग वाळली. विहिरीला पाणी न्हाई." आणि त्यांनी खरा आकडा सांगितला, शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला सांगतात तसा, मोठ्याने.

पाहुण्यांनी मान खाली घातली. बाबांनी सरळ उभं राहून अर्ज तलाठ्यांपुढे ठेवला. ज्या आकड्यासाठी मी इतकी तडफडले, तो त्यांच्या तोंडून ऐकताना माझ्या मनात एवढंच येत होतं: हळू बोला ना, बाबा, हळू.