अठरावं नाव

बायडाबाईचा आवाज म्हणजे काय सांगावं! सगळा जन्म पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाच्या बांधावर गेला. तिनं इकडून हाक मारली की पलीकडच्या शेतातला माणूस हातची भाकरी टाकून उभा राहायचा. पुढे ऊस कमी झाला, सोसायट्या आल्या, आणि साठीला टेकलेली बायडाबाई ‘अंगण’ नावाच्या माँटेसरी बालवाडीत मदतीला लागली. तिथं झाडं होती, वाफे होते, हवा तेवढा चिखल होता. सगळं ओळखीचं. फक्त ओरडायची तेवढी सोय नव्हती.

“बायडाबाई, मुलं इथंच आहेत, साताऱ्याला नाहीत,” कुसुमताई म्हणायच्या. बालवाडी त्यांचीच. रोज कोथरूडहून स्कूटरवर यायच्या आणि असं काही बोलून जायच्या, की ऐकणाऱ्याला राग यायलाही संध्याकाळ व्हायची. बोलण्यात त्यांना कुणी गप्प केल्याचं बायडाबाईनं तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

सकाळी मुलं वाफ्यांना पाणी घालत, शेंगा सोलत, आपापल्या बशा विसळत. काही सांडलं तरी मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही. अकराला शांततेचा खेळ. जो तो बागेत आपली जागा धरून गप्प बसणार. कुसुमताई ओसरीवरून एकेकाचं नाव हळूच कुजबुजणार. आपलं नाव आलं की पाय न वाजवता त्यांच्याकडे जायचं. “कुणी कितीही मोठ्यानं हाका मारल्या तरी हलायचं नाही,” हा नियम. बायडाबाईला आधी हसूच आलं होतं. चार-पाच वर्षांची पोरं, आणि गप्प? पण बसायची हो! शहाण्यासारखी बसायची.

त्या मंगळवारी खेळ संपला, मुलं डब्याआधी हात धुवायला रांगेत उभी राहिली आणि बायडाबाईनं नेहमीप्रमाणे डोकी मोजली. सतरा. अठरा हवी होती. पुन्हा मोजली. सतराच. दोन वेण्यांची स्वराली कुठं दिसेना.

“स्वराली!” कुसुमताईंनी बागेत हाक मारली. मग जरा मोठ्यानं. ओ नाही. बायडाबाईची नजर मागच्या फाटकाकडे गेली. कडी उघडी होती. सकाळी पालापाचोळा टाकायला तिनंच उघडली होती. फाटकापलीकडे उरलासुरला ऊस, डोक्याच्या वर वाढलेला. गेल्या साली तिथंच बिबट्या दिसल्याची बोंब झाली होती.

कुणी पाहिलं नव्हतं. गुपचूप कडी लावून टाकली असती तर कुणाला कळणार होतं? हात कडीपर्यंत गेलाही. मग तिची तिलाच लाज वाटली.

“ताई, कडी म्या उघडी टाकली. पोरगी उसात गेली आसंल.”

कुसुमताई पांढऱ्याफटक पडल्या. टोमणा नाही, काही नाही. बायडाबाईला त्याचीच जास्त भीती वाटली.

ती उसात घुसली. तीन वर्षं दाबून ठेवलेला आवाज तिनं मोकळा सोडला. “स्वरालीऽऽ! ए बाय माझे, ओ दे गं!” पात्यांनी हात चिरत होते, पदर अडकत होता, आणि उसाच्या प्रत्येक सरीत ती वाकून बघत होती. नोकरी गेली तर जाऊ दे, पण पोरगी सापडू दे रे देवा. अर्ध्या तासानं घसा बसला तेव्हा ती रिकाम्या हातांनी परतली. ओसरीवर कुसुमताई हातात फोन घेऊन उभ्या होत्या. “तिची आई निघालीय. आता पोलिसांना लावते,” त्या म्हणाल्या.

मुलं डबे खात होती. त्यातली शेफाली पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, “आजी, तू कशाला ओरडतेस? ओरडल्यावर ती येणारच नाही.”

“का गं?”

“तिचं नाव अजून आलंच नाही ना.”

बायडाबाई गर्रकन वळली. “ताई, शेवटी नाव कुणाचं घेतलं?”

“शेफालीचं. मग ते प्रवेशाची चौकशी करणारे पालक आले, मी उठले आणि...” कुसुमताई तिथंच थांबल्या.

“मंग बोलवा तिला. हळू बोलवा.”

कुसुमताईंनी तोंड उघडलं, पण हुंदकाच आला. शेवटी बायडाबाई ओसरीच्या कडेला आली. मुलांना बोट ओठावर धरून दाखवलं. सगळी चिडीचूप. जन्मात कधी काढला नव्हता एवढा हलका आवाज तिनं काढला.

“स्वराली...”

काहीच नाही. नळ तेवढा ठिबकत होता.

“स्वराली...”

पाण्याच्या टाकीमागे दोडक्याच्या वेलाची पानं हलली. वेल आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून पोरगी बाहेर आली. चवड्यांवर, पाय न वाजवता, ओठ घट्ट मिटून. घोट्यांवर मुंग्या चावल्याच्या लाल गाठी होत्या. फ्रॉक मागून ओला झाला होता. तेवढ्यासाठीसुद्धा ती उठली नव्हती. बायडाबाईनं तोंडात पदर कोंबला, नाहीतर तिनं गाव गोळा केलं असतं.

कुसुमताई धावल्या आणि तिच्यापुढे मातीतच बसल्या. स्वराली त्यांच्या कानाशी वाकली. तिच्या लेखी खेळ अजून चालूच होता.

“मुंग्या चावल्या तरी मी हलले नाही,” ती कुजबुजली. “तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?”