रविंद्रच्या जीपचा गिअरबॉक्स

अच्छाडच्या नाक्याजवळ, मालट्रकांच्या न सरणाऱ्या रांगेपासून हाकेच्या अंतरावर, भिकू मिस्त्रीचे गॅरेज आहे. वर पत्रा, खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन आणि भिंतीवर महालक्ष्मीच्या जत्रेतून आणलेली देवीची तसबीर. सारे जग काम झाल्यावर हात धुते. भिकू कामाआधी धुतो. "आत रेतीचा एक कण गेला तरी दात खातो," असे तो सांगतो. पण गिअरबॉक्सचे झाकण उचलताना ज्याने त्याला पाहिले आहे, त्याला ठाऊक आहे की गाभाऱ्याचे दार उघडणाऱ्याचे हातही असेच हळुवार असतात. तालुक्यात त्याच्या शब्दाला मान आहे. भिकू म्हणाला बेअरिंग गेले, म्हणजे गेले.

या शब्दाचीच ही गोष्ट आहे.

गेल्या कार्तिकात उंबरगावचा हार्दिक एक जुनी लष्करी जीप टेम्पोवर लादून घेऊन आला. हौशी माणूस; जुन्या गाड्यांवर जीव टाकणारा.

"काका, इंजिन मी बघतो. पण चारेचार चाकं फिरायला पाहिजेत, आर्मीत फिरायची तशी. गिअरबॉक्स तुमचा."

"कुठून उचललीस?"

"डहाणूच्या किनाऱ्यावरून. सुरूच्या झाडाखाली बावीस वर्षं उभी होती. जमुनाबेन म्हणाली, घेऊन जा भाई, माझ्या डोळ्यांसमोरून ने एकदाची."

भिकूने मान खाली घातली. गाडी त्याने केव्हाच ओळखली होती.

ही जीप जमुनाच्या नवऱ्याने, रविंद्रने, लष्कराच्या लिलावातून आणलेली. पावसाळ्याआधी मच्छीमारांच्या होड्या वाळूवर ओढून घ्यायला तिचा उपयोग. रविंद्रचा एक नेम होता. होडी ओढताना तो दर्याकडे पाठ करीत नसे. जीपचे तोंड समुद्राकडे, दोर पुढच्या हुकाला, आणि गाडी रिव्हर्समध्ये. होडी नजरेसमोर ठेवून तो तिला लेकराला चालवत आणावे तशी वर आणी.

एका वैशाखात दिपक तांडेलाची होडी अर्ध्या चढावर असताना जीपचे बळ एकाएकी सुटले. ब्रेक लागले, पण ओल्या वाळूवर ब्रेक काय धरणार? होडी जीपला फरफटत खाली घेऊन गेली आणि खडकावर तिचा कणा मोडला. रविंद्र ओरडून सांगत राहिला, "लिव्हर आपोआप उडाला!" लोकांनी आठच दिवसांपूर्वी गिअरबॉक्सचे काम केलेल्या तरुण भिकूला बोलावले. भिकूने गाडी उघडलीसुद्धा नाही. तांडेलाच्या ओट्यावर पंचांदेखत उभा राहून म्हणाला, "माझ्या कामात खोट नाही. चालवणाऱ्याने लिव्हर नीट बसवला नसेल."

भिकूचा शब्द; तांडेलाने तिथेच तो उचलून धरला आणि लोकांनी मानला. त्या दिवसापासून रविंद्रच्या हाती कोणी होडीचा दोर दिला नाही. चिकूच्या वाडीत राखण करीत त्याने सहा वर्षे काढली आणि तिथेच डोळे मिटले.

आता भिकूने हात धुतले आणि आधी मोठा गिअरबॉक्स उघडला. पुढे जाण्याच्या गिअरांचे दात जवळजवळ कोरे होते. रिव्हर्सचा गिअर मात्र एका अंगाने झिजून गुळगुळीत झालेला; पण एक दात तुटलेला नाही, एकाचा टवका उडालेला नाही. शेकडो होड्या ओढल्या, आणि एकदाही लोखंडाला धसका बसू दिला नाही! भिकू त्या दातांवरून बोट फिरवीत राहिला. निष्काळजी माणसाचा गिअर असा नसतो, हे बोटालाच कळत होते.

मग चारही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या मागच्या छोट्या पेटीकडे तो वळला. झाकणाच्या सांध्यावर दोन ठिपके ठोकलेले होते आणि त्यांवरचा रंग अजून फुटला नव्हता. ती भिकूचीच खूण. त्याच्यानंतर ही पेटी कोणी उघडलेली नव्हती.

आत लिव्हरचा दांडा जागेवर धरणारी एक पोलादी गोळी असते, छर्ऱ्यापेक्षा थोडी मोठी, आणि तिला रेटणारी स्प्रिंग. भिकूने त्यांच्या भोकावरचा पेच काढला. भोकात तार घातली. तार तळाला टेकली. गोळी नव्हती, स्प्रिंग नव्हती. पेटीच्या तळातले तेल त्याने फडक्यातून गाळले. तिथेही काही नव्हते.

"काय झालं, काका?"

"गोळी नाही. मी घातलीच नव्हती."

हार्दिकला हायसे वाटले. "एवढंच ना? वापीत मिळेल. घाला आणि झाकण लावा."

"झाकण एकदा न बघता लावलं, त्याचंच हे फळ आहे, बाबा."

त्या दिवशी भिकूने पुन्हा कामाला हात लावला नाही. तसबिरीसमोर बसला. देवीपुढे कबूल करणे सोपे असते. ती ऐकून घेते. पण जिच्या अंगणात जाऊन बोलायचे ती जमुना होती.

दुसऱ्या सकाळी पेटी पोत्यात बांधून तो डहाणूला पोहोचला. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्यांवर जमुना आणि शेजारची रखमी बोंबील वाळत घालीत होत्या.

"काय रे मिस्त्री," रखमी हसली, "पोत्यात इंजिन घालून बोंबील बदलून न्यायला आलास?"

भिकू हसला नाही. पोते सोडले. "वहिनी, रविंद्रभाऊ खरं बोलत होता. चूक माझी होती."

मग त्याने सारे सांगितले. गोळी काय करते, ती नसली तर जोर आल्यावर लिव्हर जागा सोडून कसा उडतो, काहीच गाळले नाही. जमुना ओल्या हातांनी उभी होती. खाली बसली, पेटी न्याहाळली आणि त्या रिकाम्या भोकात करंगळी घातली.

"एवढीशी जागा?"

"एवढीशीच."

"रात्री झोपेत बोलायचा तो. उडाला, उडाला म्हणून. मी म्हणायची, गप झोप, आता कोण ऐकतंय." तिने करंगळी काढून पदराला पुसली. "मलासुद्धा त्याचं खरं वाटलं नव्हतं, भिकू."

"वहिनी, मला माफ—"

"माफीचं नंतर बघू. उचल ते. तांडेलाकडे चल."

दिपक तांडेल आता ऐंशीचा. ओट्यावर जाळे विणीत बसला होता. त्याने सगळे ऐकले. "तेव्हा का नाही उघडून बघितलंस? भ्यालास?"

"भ्यालो नाही, बाबा. बघायची गरजच वाटली नाही. माझ्या हातून चुकेल, हे मनातसुद्धा आलं नाही."

तांडेलाने जाळे बाजूला ठेवले. मग जमुनाकडे वळून त्याने हात जोडले. ती तुटकपणे म्हणाली, "मला नको. तुम्ही पंचांदेखत बोलला होतात, पंचांदेखत फिरवा."

म्हातारा काठी टेकीत उठला आणि भरतीच्या वेळी घालतात तशी हाक घातली. माणसे होड्यांवरून, घरांतून येऊ लागली. त्याच ओट्यावर उभे राहून भिकूने पेटी उघडी करून दाखवली आणि आपली चूक सांगितली. सांगून होईतो आणखी माणसे आली. त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितले. काही जण दूर बंदरावरून आले, त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा. दर वेळी रविंद्रचे नाव आधी घेतले, आपले नंतर, आणि एक शब्द कमी केला नाही.

तिसऱ्यांदा ऐकायला जमुना थांबली नाही. ऊन चढले होते आणि निम्मे बोंबील अजून टोपलीतच होते.