आत्या बोटीवर गेली होती

आत्या गेली हे सांगायला काशीदादा स्वतः बोईसरला माझ्या शाळेत आला. वर्गाच्या दारात उभा राहून म्हणाला, "आई गेली गं." मी हातात खडू धरून तशीच उभी राहिले. त्याला आता महिना झाला.

आत्या समुद्रकाठच्या एडवणची. नवरा लवकर गेला, तिने पानवेलींच्या जिवावर एकुलत्या काशीला वाढवलं. तो परदेशी प्रवासी बोटीवर लागला. "ऑफिसात आहे," असं त्यानं घरी सांगितलं आणि आत्यानं ते अख्ख्या गावाला. कोणी भेटलं की तिचं पालुपद सुरू, "माजा काशी बोटीवर सायेब हाय!" आम्ही खूप चिडवायचो. ती मुळीच चिडायची नाही.

ती बोट उन्हाळाभर उत्तरेच्या थंड समुद्रात फिरायची आणि आश्विनात हिवाळ्यापुरती वेस्ट इंडीजला जायची. त्या एकेरी फेरीला प्रवासी कमी, अर्ध्या खोल्या रिकाम्या. म्हणून कामगारांना घरचं एक माणूस सोबत नेता यायचं. काशीदादा दोन वर्षं टाळत राहिला.

"तुला बोट लागेल, आई."

"एडवणला जल्म गेला माजा, मना कसली बोट लागते?"

तिसऱ्या वर्षी ती गेलीच. बोटीवरच्या सायबांना द्यायला स्वतःच्या वेलीची पानं ओल्या फडक्यात बांधून घेतली. परतल्यावर गावानं तिला गराडा घातला. जिने, काचेचे दिवे, सगळं तिनं रंगवून सांगितलं.

"आणि दादाचं ऑफिस?" मी विचारलं.

"खाली हाय. मोठं हाय, पन लय गरम."

एवढंच. 'सायेब' मात्र तिनं शेवटपर्यंत सोडला नाही. खरं सांगते, मला त्या बढाईचा रागच यायचा.

तेराव्याच्या आदल्या दिवशी पाहुण्यांसाठी चादरी काढायला मी तिची ट्रंक उघडली. सगळ्या घड्या एकसारख्या, कडा आत दुमडलेल्या, एक सुरकुती नाही. काशीदादा बघत राहिला आणि तिथेच खाली बसला.

"ही बोटीची घडी," तो म्हणाला. "मी ऑफिसात नव्हतो गं कधी. धोबीखान्यात होतो. तिसऱ्या दिवशी आई मला शोधत खाली आली. वाटलं, आता रडेल. तिनं पदर खोचला आणि चादरीचं दुसरं टोक धरलं... बंदर येईपर्यंत रोज यायची."

पाहुण्यांसाठी आम्ही शेजारून चादरी आणल्या. आता मी एडवणला गेले की काशीदादा ट्रंकेतली एखादी चादर काढतो, धुतो, वाळवतो आणि दुसरं टोक धरायला मला हाक मारतो.