सूचक, अनुमोदक आणि एक क्वार्टरबॅक

काकांनी लाल सिग्नल तोडला तेव्हा आम्ही एका क्वार्टरबॅकच्या खांद्यावरून भांडत होतो.

नोव्हेंबरातला रविवार होता, पाच वाजताच मिट्ट काळोख. मला लंडनच्या पिनर स्टेशनवरून घ्यायला काका नेहमीसारखे गाडी घेऊन आले होते. काकू घरी भजी तळत होत्या. हे माझे सख्खे काका नव्हेत. ईलिंगला गणपतीच्या जेवणात आम्ही शेजारी बसलो होतो. मी आदल्या रात्री जागून पाहिलेल्या सामन्याबद्दल काहीतरी पुटपुटले, आणि या सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांनी हातातला लाडू ताटात ठेवून विचारलं, "अमेरिकन फुटबॉल? आपल्यातलं कोणी बघतं?" तेव्हापासून माझे रविवार त्यांच्या घरी.

"खांदा गेला की क्वार्टरबॅक संपला, काका. घरी पाठवा त्याला," मी म्हणाले.

"तुला अक्कल नाही," काका म्हणाले आणि माझ्याकडे मान वळवून अनुभव म्हणजे काय ते सांगू लागले.

समोरचा दिवा लाल होता. मला वाटलं, थांबतील. ते थांबले नाहीत. क्रॉसिंगवर एक बाई बाळाची बग्गी ढकलत निघाली होती. मी "काका!" म्हणून किंचाळले, तिने बग्गी मागे खेचली आणि आम्ही तिच्या पुढ्यातून सरळ निघून गेलो. कोणीतरी गाडीच्या मागच्या काचेवर जोरात थाप मारली.

"काय माणसं असतात! लोकांच्या गाडीला हात लावतात," काका वैतागून म्हणाले आणि पुन्हा खांद्याच्या विषयावर आले.

त्यांनी पाहिलंच नव्हतं. दिवा नाही, बाई नाही, बग्गी नाही. हा माणूस रिटायर होईपर्यंत कौन्सिलच्या ट्रॅफिक विभागात होता. कुठल्या चौकात दिवा किती वेळ लाल राहावा हे ठरवण्यात त्यांनी केस पांढरे केले होते. मी घर येईपर्यंत सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरून बसले.

ज्यांना या खेळाची बाधा नाही त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा सगळ्यात महत्त्वाचा गडी. चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि तो कोणाकडे फेकायचा हे त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं असतं. त्याचं चुकलं की सगळं चुकलं. आमचा संघ कुठला हे मी सांगत नाही, कारण सांगण्यासारखं त्याने बऱ्याच वर्षांत काही केलेलं नाही. त्याचा क्वार्टरबॅक म्हातारा झाला होता, म्हणजे अडतीस-एकोणचाळीसचा. त्याच्यामागे एक कोवळा पोरगा बाकावर बसून वाट बघत होता. कोणाला खेळवायचं, कोणाला ठेवायचं, कोणाला विकायचं यावर आमचे अख्खे हिवाळे जात.

आणि हे आम्ही उगाच आरडाओरडा करून ठरवत नसू. काका अनेक वर्षं मराठी मंडळाचे अध्यक्ष होते. चार माणसं एका खोलीत जमली की त्यांना सभा भरवल्याशिवाय चैन पडत नसे. त्यामुळे सहा वाजता सामना सुरू होण्याआधी आमची रीतसर सभा. अध्यक्ष काका, सभासद मी आणि एक सॉफ्टवेअरवाला नागपूरकर. सूचना मांडायची, तिला अनुमोदक पाहिजे, मग चर्चा, मग काका खणखणीत आवाजात म्हणणार, "बाजूने हात वर करा." अटलांटिकपलीकडच्या त्या संघाला आमचा पत्ताही नव्हता. पण आम्ही त्यांचे प्रशिक्षक बडतर्फ केले, मालकावर निषेधाचे ठराव केले, एकदा तर त्यांच्या नव्या जर्सीचा रंग फेटाळला. विषय एकदा पटलावर आला की तो निकालात निघेपर्यंत दुसरा काढायचा नाही, हा काकांचा कडक नियम. खुद्द काकूंनाही मध्येच "चहा टाकू का?" असं विचारायची परवानगी नसे.

त्या संध्याकाळीही सभा झाली. माझ्या डोळ्यांसमोर ती बग्गी होती आणि तोंडाने मी त्या क्वार्टरबॅकला काढत होते. नागपूरकर आणि काका विरोधात गेले, ठराव पडला. परत जाताना मी काकांना म्हटलं, मला चालायचंय. ते रागावले, पण मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी लंच ब्रेकमध्ये मी काकांच्या मुलीला फोन केला. ती लीड्सला हॉस्पिटलात डॉक्टर आहे. जन्म, शाळा, सगळं इथलंच, मराठी मोडकंतोडकं, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी. मी सिग्नलचं सांगितलं.

"आय नो," ती म्हणाली. "लास्ट मंथ बाबा राउंडअबाउटवर उलटा गेला. माझे दोन्ही मुलं मागे बसला होता."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"बोलले ना. किती वेळा. ते म्हणतात, रोड साइन चुकीचा होता. मग विचारतात, तुझा हीटिंगचा बॉयलर रिपेअर झाला का. विषय बदलून टाकतात."

"पण लायसन्स?"

"सेव्हंटीनंतर दर थ्री इयर्सनी रिन्यू होतो. टेस्ट नसतो. मी फिट आहे असं आपणच टिक करायचं. त्यांनी केलं." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आणि प्लीज, आईला सांगू नको. तिला काही माहीत नाही. शी विल पॅनिक. मी नेक्स्ट संडे येते."

मला हायसं वाटलं. येईल, बापाला बाजूला घेऊन बसेल, डॉक्टरी भाषेत समजावेल आणि प्रश्न सुटेल, असा माझा समज. काकू बिचाऱ्या, त्यांना कळायच्या आत सगळं मिटलेलं बरं, असंही वाटलं. पुढच्या रविवारी मी काकांना न कळवता स्टेशनवरून चालत गेले.

मुलगी आधीच येऊन सोफ्याच्या टोकाला बसली होती. काका खुशीत होते. नागपूरकर चिवड्याचा वाडगा मांडीवर घेऊन बसला होता. टीव्हीचा आवाज बंद होता. म्हाताऱ्या क्वार्टरबॅकने आदल्या सामन्यात तीनदा चेंडू थेट विरुद्ध संघाच्या हातात दिला होता, त्यामुळे माझ्या अंगात बळ आलं होतं.

"आज पोराला खेळवा. सूचक मी," मी म्हटलं.

"दहा-बारा वर्षं ज्याने संघ ओढला त्याला असं काढायचं?" काका म्हणाले. "काही माणुसकी?"

"काका, त्याला समोरचा माणूस दिसत नाही. आपला कोण, परका कोण, कळत नाही. माणुसकीचं काय घेऊन बसलात?"

हे तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. मुलीने माझ्याकडे पाहिलं. नागपूरकर म्हणाला, "तुले तर सगळ्यांनाच काढायचं राहते," आणि काका खदखदून हसले. मला अनुमोदक मिळाला नाही. सूचना बाद झाली.

"आणखी कोणाचा काही विषय?" काकांनी विचारलं. हेही दर वेळी विचारायचेच.

मुलीने हात वर केला.

"माझा एक सूचना आहे."

काकांचा आनंद गगनात मावेना. इतक्या वर्षांत पोरीने पहिल्यांदा सभेत तोंड उघडलं होतं. "बोला, बोला! नव्या सभासदांचं स्वागत!"

"सूचना असा आहे," ती पाठ केल्यासारखं एकेक शब्द म्हणाली, "की बाबांनी आजपासून गाडी चालवायचं नाही. सूचक मी."

इथे? सगळ्यांसमोर? नागपूरकराचा चिवड्याचा घास तोंडापर्यंत जाऊन थांबला. काका हसतच राहिले, मग ते हसू हळूहळू उतरलं.

"हा सभेचा विषय नाही," ते म्हणाले. "ते सोड, तुझ्या बॉयलरचं काय झालं?"

"नाही बाबा. विषय पटलावर आला. तुमचाच नियम आहे. इथे तुम्ही विषय बदलू शकत नाही."

तेव्हा मला कळलं की ती लीड्सहून हेच ठरवून आली होती. घरात बापाला शब्दात पकडायची एकच जागा होती आणि तिने ती बरोबर हेरली होती. पण अध्यक्ष ते अध्यक्षच. त्यांनी घसा साफ केला.

"अनुमोदक नसेल तर सूचना बाद होईल," ते म्हणाले आणि आमच्याकडे पाहिलं. त्या नजरेत खात्री होती. आम्ही त्यांची माणसं. नागपूरकराने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"अनुमोदन," कोणीतरी म्हणालं. तो माझा आवाज होता.

"तू?" काका म्हणाले.

मी सगळं सांगितलं. दिवा, बाई, बग्गी, काचेवरची थाप. सांगताना रडू फुटलं आणि त्याचा मला भयंकर राग आला. काका अवाक होऊन ऐकत होते. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं, आणि ते बघणं सिग्नलपेक्षाही वाईट होतं.

"मी? लाल सिग्नल?" ते म्हणाले. "या भागातले निम्मे सिग्नल माझ्या हाताखालून गेलेत. काहीतरी गैरसमज आहे तुझा." मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं आणि ते सावरून बसले. "थांबा. साक्षीदार घरातच आहे. अगं ए, जरा बाहेर ये!"

काकू स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"माझ्या गाडीत हिच्याइतकं कोणी बसलेलं नाही," काका आम्हाला म्हणाले. "लीड्सला जाताना मोटरवेवर ही माझ्या शेजारी गाढ झोपते. पार पोचेपर्यंत. भरवसा नसेल तर माणसाला झोप लागेल का? सांग गं यांना."

काकू आधी आत गेल्या, गॅस बंद करून आल्या. पदराला हात पुसले.

"मी झोपत नाही," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून घेते."

मुलगी ताडकन उठून उभी राहिली. काकांना बहुतेक नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"डोळे मिटून घेते. बघवत नाही म्हणून. मागे एकदा ती मोठी लॉरी घासून गेली ना, आपण हिच्याकडे निघालो होतो, तेव्हापासून. मी घाबरून तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही गुणगुणत होतात. तुम्हाला लॉरी दिसलीच नव्हती."

"आई, व्हॉट? तुला माहीत होता?" मुलीचा आवाज चिरकला. "आणि मला सांगितला नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू यांची गाडी काढून घेतली असतीस. यांना किती आवडतं गं चालवायला."

मी काकूंकडे बघतच राहिले. ज्या बाईला धक्का बसेल म्हणून आम्ही दोघी आठवडाभर कुजबुजत होतो, त्या बाईला आमच्याही कितीतरी आधीपासून सगळं माहीत होतं. ती दर खेपेला बॅग भरून, डबा करून त्याच गाडीत जाऊन बसत होती. मला काही सुधरेना.

काका बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. टीव्हीवर सामना सुरू झाला होता, माणसं एकमेकांवर आदळत होती आणि कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मग बसत कशाला होतीस माझ्या शेजारी?" शेवटी त्यांनी विचारलं. अगदी लहान आवाजात. "मला सांगायचं. नाहीतर ट्रेनने जायचं."

"काही झालंच तर दोघांचं एकदम व्हावं म्हणून," काकू म्हणाल्या.

भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं इतक्या साध्या आवाजात त्या हे बोलल्या. मुलीने तोंडावर हात दाबून धरला. नागपूरकराने वाडगा खाली ठेवला आणि चष्मा काढला. रोज रात्री फोनवर नवऱ्याच्या गोळ्यांच्या वेळा मुलीला सांगणाऱ्या, मला डबा भरून देणाऱ्या, आमच्या सभेत कधी एक शब्द न बोललेल्या काकू हा हिशेब करून बसल्या होत्या, आणि त्यांनी तो कोणालाही कळू दिला नव्हता.

काका उठले. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. आवाज फाटत होता, पण शब्द तेच होते.

"बाजूने हात वर करा."

मुलीचा हात वर गेला. माझा गेला. नागपूरकराने डोळे पुसत दुसरा हात वर केला. काकूंचे दोन्ही हात पदरातच होते. त्या फक्त काकांकडे बघत होत्या. काकांनीही त्यांच्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, आणि मग स्वतःचा हात वर केला.

तेव्हा काकूंनी केला.